नकाशात खांब नाई

…आन् वरून हापिसातले आमालेच इचारते, "घर भेटलं ना तुमच्या गावात, मंग आता काऊन बोंबलून राह्यले?" भेटलं ना बापा! नाई कोन म्हन्ते? विटाचं भेटलं, कवेलूचं भेटलं, दोन खिडक्याचं भेटलं, दाराले कुलूप भेटलं, कुलपाले किल्ली बी भेटली, आन् ज्याले भेटलं तो इस्तारी धीवर बायकोले घेऊन दुसऱ्याच्या सपरीत, म्हंजे ओसरीत, भात शिजवून राह्यला! आता याले काय म्हनाचं, तुमीच सांगा. नाई, नाई, हासू नका, सरकून बसा, पुरं आयका, मंग हासा. घर इस्तारीचंच हाये, त्याच्यात वादच नाई! हे मी नाई म्हनत जी, सरकार म्हन्ते. जो येते तो हेच म्हन्ते आन् जाते.

इस्तारी म्हंजे आमच्या चिचटोल्याचा. कुरखेड्याच्या बाजाराले जाताना सडकेच्या बाजूनं तलाव लागते ना, त्या तलावाच्या पाळीखाली पह्यलं घर त्याचं. सकाळी जाळं टाकाचं, मासोळ्या बाजारात नेऊन इकाच्या, येताना बायकोसाठी, म्हंजे गोकुळासाठी, तमाखूची पुडी आनाची… कोनाच्या अध्यात नाई का मध्यात नाई. एकच लेक, चंदा, तिचं लगीन वैशाखात ठरलेलं. घर कुडाचं, बांबूच्या तट्ट्याले माती लिपलेलं, वर धानाच्या तनसीचं छप्पर. पावसात गळे, गळत नवतं असं नाई, पन कुठी गळते ते इस्तारीले मालूम होतं, तठी तो झोपत नसे. झालं! याच्याहून जास्त मानसानं घराले काय मागाचं? त्यानं जिनगानीत सरकारले एक अर्ज केला असंन तर माह्यं नाव बदला.

पन सरकारले कुठी अर्ज लागते! ज्या साली आपला चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून उठला आन् मुंबई राज्यात जाऊन बसला, आमी जागचे हाललो नाई, बैल बी हालले नाई, पन हाललो म्हन्ते… तर त्याच्या पुढच्या साली ब्लाकाची जीप आली आन् जीपीतून उतरले ग्रामसेवक गुणवंतराव. ट्रेनिंग घेऊन आलेले, पांढराफेक पायजामा, बगलेत नकाशाची गुंडाळी, आन् बोलनं असं का जसं छापून आनलं! "ग्रामस्थहो, समाजविकास योजनेखाली या गावात एक आदर्श घर बांधायचं आहे. गावातला सर्वांत गरीब मनुष्य कोण?" साऱ्या गावानं एका तोंडानं सांगतलं, इसरू! इसरूचं घर नाल्याच्या पलीकडं, घर म्हनाचं म्हनून म्हनाचं. गुणवंतराव नाल्यापावेतो गेले, जीपीकडं पाह्यलं, नाल्याकडं पाह्यलं, परत जीपीकडं पाह्यलं. "जीप उतरते का इथून?" "जीप काय साहेब, बैलगाडी बी उतरत नाई." "मग बघणारे बघणार कसे?" आन् तसेच माघारी फिरले आन् इचारते, "बरं, सडकेवरचा गरीब कोण?"

आता सडकेवरचा गरीब म्हंजे इस्तारी! इस्तारी जाळं सांधत बसला होता, त्याच्यापुढं नकाशा पसरला. तो घाबरलाच. हात जोडून म्हन्ते, "साहेब, मले नाई पाह्यजे. माह्यं हाये ना." गुणवंतराव हासले, खांद्यावर हात ठेवला. "अहो, हे तुमच्या एकट्यासाठी नाही, हे देशासाठी आहे! उद्या दहा गावचे लोक बघायला येतील. पण घर तुमचंच, त्यात वादच नाही!" देशाचं नाव काढल्यावर इस्तारी काय बोलनार? आन् नकाशा नेमका बसला तो जुन्या घराच्या जागेवरच, दोन हात इकडं नाई का दोन हात तिकडं नाई. म्हनून पह्यलं काम काय झालं? जुनं घर पाडलं! इस्तारीचं बिऱ्हाड तलावाच्या पाळीवर चिचीखाली मांडवात आलं, आन् आमी सारे श्रमदानाले लागलो. श्रमदान म्हंजे तुमाले सांगतो, काम तेच, घाम तोच, फक्त शेवटी कोनी फोटो काढते.

गोकुळा रोज येऊन पाहे. बाईमानूस, घर तिचं होनार, तिले नाई पाहू वाटनार तर कोनाले? पह्यले खिडकीवरून झालं. म्हन्ते, "भाऊ, या आंगाले खिडकी नको." गुणवंतराव म्हन्ते, "बाई, पश्चिमेलाच हवी. समुद्रावरचा वारा येतो." समुद्र!! अवो, आमच्या इथी समुद्र! नकाशा कोनत्या गावचा होता देवालेच मालूम, पन मुंबई राज्याचा होता, आन् मुंबई राज्यात समुद्र पश्चिमेले असते म्हंजे चिचटोल्यातही पश्चिमेलेच असाले पाह्यजे! आमच्या पश्चिमेले होता पाटलाचा उकिरडा. खिडकी झाली आन् उकिरड्याचा वारा सुरू झाला, मोकळा, भरपूर, नकाशाबरहुकूम.

पन खरं झगडं झालं ते खांबावरून. भिती उभ्या झाल्या, छप्पर चढलं, गोकुळा आत गेली, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, आन् बाहेर येऊन इचारते, "मधातला खांब कुठी हाये?" गुणवंतराव म्हन्ते, "बाई, खांब लागत नाही. वर लाकडी कैची आहे, सगळा भार भिंतींवर जातो. छपराला खांबाची गरजच नाही!" गोकुळा म्हन्ते, "छपराले नसंन गा, देवाले हाये ना!" तुमाले सांगतो, साऱ्या मजुरानं हातातलं काम खाली ठेवलं! कारन आमच्याकडं मधातला खांब म्हंजे घरातला बुढा. देव त्याच्याच बुडाशी, पितर त्याच्याच बुडाशी, लेकीले हळद लागते ते बी त्याच्याच बुडाशी. खांबच नाई तर चंदाची हळद काय खिडकीले लावाची? गुणवंतरावनं नकाशा उलगडला, उभा धरून पाह्यला, आडवा धरून पाह्यला. मानूस वाईट नवता हो, खरंच शोधत होता. मंग गुंडाळी केली आन् म्हनलं, "नकाशात खांब नाही." संपलं! इस्तारीनं गोकुळाचा हात धरून तिले घरी नेलं, म्हंजे मांडवात नेलं.

शिमग्यापावेतो घर तयार! चुना मारला, दारावर तांबड्या अक्षरात 'आदर्श घर' लिहिलं, आन् इस्तारी गठुडं डोक्यावर घेऊन दारात उभा राह्यला तर गुणवंतरावनं दाराले कुलूप घातलं. "थांबा, थांबा! मोठे साहेब येतील, निरीक्षण होईल, मग ताबा. घर तुमचंच आहे, त्यात वादच नाही." साहेब कवा येनार? गुढीपाडव्याले. पाडवा गेला. रामनवमीले. तेही गेली. साहेबाचा दौरा निघाला होता पन जीप पंक्चर झाली, जीप नीट झाली तर साहेबच आजारी पडले, साहेब उठले तर त्यायची बदली झाली, नवे आले ते अजून आपला बंगला पाहून राह्यले… आन् इकडं वैशाख येऊन ठेपला! इस्तारी आठ कोस चालत ब्लाकाच्या हापिसात गेला. म्हन्ते, "एका दिवसासाठी किल्ली द्या साहेब, लेकीची हळद हाये." गुणवंतरावचं तोंड बारीक झालं. "किल्ली कपाटात आहे, कपाटाची किल्ली ओव्हरसियरकडे आहे, ओव्हरसियर रजेवर आहेत." आठ कोस गेला, आठ कोस आला, पायात काटा मोडून आला.

गोकुळानं काटा काढता काढता घराकडं पाह्यलं. मंग खिडकीकडं पाह्यलं. आन् म्हन्ते, "काहो, खिडकी तर उघडीच हाये."

आता खिडकी केवढी? समुद्राचा वारा यावा येवढी! गज नवते, गज पुढच्या सालच्या मंजुरीत होते. मंग काय, इस्तारीच्या आंगात आलं! जंगलातून सालईचा ओला खांब तोडला, लगनाच्या खांबाले ओली सालईच लागते, वाळली चालत नाई, आन् भर दुपारी वाजतगाजत आनून खिडकीतून आत लोटला. मधात खड्डा केला, खांब उभा केला, देव बसवला. मंग नवरी आत. मंग हळदीची परात आत, पान्याचे गुंडे आत, मामा आत, मामी आत, डफडं आडवं करून आत, डफडंवाला तिरपा होऊन आत! आन् शेवटी इस्तारीची आत्या, सुगंधाबाई, वय ऐंशी, पन आंगानं भरलेली… ते अर्धी गेली आन् अडकली! इकडून म्हन्ते "ढकला गा!", तिकडून म्हन्ते "वढा गा!", कोनी म्हन्ते "माघारी घ्या!" आन् बुढी काय करते? मुहूर्त टळून जाईन म्हनून तठीच, अर्धी घरात आन् अर्धी उकिरड्याकडं, हळदीचं गानं सुरू करते! साऱ्या बायानं आतून सूर धरला. अशी हळद झाली, तुमाले सांगतो, का जिल्ह्यात कोनाची झाली नसंन.

आन् दुसऱ्या दिवशी चंदा सासरी निघाली ते बी तठूनच. लेक उंबरठा ओलांडून जाते हो, आमची चंदा खिडकीतून गेली. शालू सावरत उतरली, बापाच्या गळ्यात पडली आन् म्हन्ते, "बाबा, दिवाळीले येईन तवा दारातून घ्याल ना मले?" इस्तारी ढसाढसा रडला.

खांब आतच राह्यला. त्यायच्या घरची रीत अशी का लेक पह्यल्यांदा मायेरी येत नाई तोवर लगनाच्या खांबाले हात लावाचा नाई. म्हनलं राहू दे, कोनाचं काय खाते? पन ओली सालई ते, वरून हळदीचं सारं पानी तिच्या बुडात, आन् मिरग लागला तसं ते आदर्श छप्पर गळाले लागलं, कुठी गळे? भितीजवळ नाई, दारात नाई, नेमकं मधात! खांबावर! इकडं तलावाचं पानी पाळीच्या काठाले लागलं, इस्तारीचा मांडव वाहून गेला, तर कोनी आसरा देला? इसरूनं! सरकारच्या हिशेबानं गावात सगळ्यात गरीब तो इसरू, त्यानं नाल्यात उतरून गोकुळाचं गठुडं आपल्या डोक्यावर घेतलं आन् अर्धी सपरी मोकळी करून देली. म्हन्ते, "राहा भाऊ, तुमचं घर भेटेपावेतो." इस्तारीले लाज वाटे. दुसऱ्याच्या चुलीशेजारी आपली चूल मांडनं म्हंजे का सोपं हाये का?

आन् श्रावणात साहेब आले! खरंच आले! तीन जिपा! तोरण, हार, शाळेतल्या पोरायचं स्वागतगीत, गुणवंतराव किल्ली घेऊन पुढं. दार उघडलं. साहेब आत गेले आन् तसेच उभे. मधात सालईचं झाड! खांबाले फांद्या, फांद्याले पानं, पानं पार छपराच्या कैचीत घुसलेली! साहेब म्हन्ते, "हे काय आहे?" गुणवंतराव म्हन्ते, "साहेब… हे… हे नकाशात नाही." "ते मला दिसतंय! उपटा!" इस्तारी पाया पडला. "साहेब, दिवाळीपावेतो थांबा, लेक येऊन गेली का मीच काढतो. पाह्यजे तर तवा ताबा द्या." साहेब म्हन्ते, "हे बघ, घर तुझंच आहे, त्यात वादच नाही. पण नकाशाबाहेरचा खांब असेल तर ताबा देता येत नाही. काढा रे हे!" एकानं कुऱ्हाड उचलली…

"रुको!!"

कोन म्हनलं? बिरजू! जंगलखात्याचा गार्ड, रायपूरकडचा, साहेबाले सलाम ठोकाले आलता. आता त्याचंही दुखनं आयका. आदल्या साली वनमहोत्सवात सडकेच्या दोनी आंगानं त्यानं तीनशे झाडं लावली होती. तीनशे! बकऱ्यानं तीनशेच्या तीनशे खाल्ली. आन् त्याच्या साहेबाचा हुकूम आला होता का एक तरी जिवंत दाखव, नाई तर नोकरी सोड. महिनाभर बिरजू एक झाड हुडकत फिरून राह्यला होता जिथी बकरी पोचली नसंन. आन् इथी पाह्यलं तर काय, चारी आंगानं भीत, वरून पानी, दाराले सरकारी कुलूप! त्यानं एक पान हातात घेतलं आन् त्याचे डोळे भरून आले. "जिंदा है साब! सालई है! बिना परमिट के हात नई लगाना!" आन् कमरेचा हातोडा काढून खांबावर ठप्पा हानला, नंबर टाकला, एक! "घर इस्तारीभाऊ का ही है, उसमें वाद नई. पर झाड सरकार का है."

मंग लागलं ना! ब्लाक म्हन्ते झाड काढल्याबिगर घर देता येत नाई, जंगलखातं म्हन्ते घर हाये म्हनून झाड काढता येत नाई. इकडून कागद जाये, तिकडून कागद ये. दिवाळी आली, चंदा आली, दारातून घ्याचं होतं तिले, ते बिचारी बापाच्या घराले बाहेरून एक चक्कर मारून इसरूच्या सपरीत उतरली. चार दिवस राह्यली, मायचं तोंड पाह्यलं आन् गेली. खांब कसा काढनार, त्याच्यावर सरकारचा नंबर!

पौषात दोनी खात्याचे साहेब संगमंग आले. घरात जाऊन उभे राह्यले, बाहेर येऊन उभे राह्यले, चहा पेले. इस्तारी दूर उभा, हात बांधून, डोळे लावून. म्हनलं आज काहीतरी लागते निकाल. लागला ना! झाड राहीन. झाड हाये तोवर घरात कोनी राहाचं नाई, चुलीचा धूर झाडाले बाधते. झाडाले उजेड पाह्यजे म्हनून वरचे कवेलू काढाचे. आन् झाडाले रोज पानी घालाले विश्वासाचा मानूस पाह्यजे, तर घर ज्याचं तोच घालीन, श्रमदानातून! असं म्हनून साहेबानं हार घालून, टाळ्या वाजवून, इस्तारीच्या हातात किल्ली देली. फोटो बी काढला. दोनी साहेब खुश! एकाच्या कागदावर घर बांधलं गेलं, दुसऱ्याच्या कागदावर झाड जगलं. बिरजूनं तर इस्तारीले मिठीच मारली.

तवापासून पाहा, सकाळी मासोळ्या इकून आला का इस्तारी कुलूप उघडते, दोन गुंडे पानी घालते, भितीवरून हात फिरवते, आन् बाहेर येऊन कुलूप लावते. मी म्हनलं, "गड्या, घटकाभर बसत जा ना आत." तर म्हन्ते, "बसलो होतो एक दिवस. माह्याच घरात मले चोरावानी वाटलं." आता बोला!

पन राग त्याले खरा आला तो परवा. तो म्हन्ते, जाऊ द्या, ते घर सरकारचं समजू, मी आपली कुडाची झोपडी बांधतो, नाल्याजवळ, इसरूच्या बाजूले. किती दिवस दुसऱ्याच्या सपरीत राहाचं? त्याले काय लागते? दोन बोजे बांबू. आन् गरिबाले झोपडीसाठी जंगलखातं बांबू फुकट देते, फक्त गरिबाच्या यादीत नाव पाह्यजे. यादी कोन करते? गुणवंतराव! इस्तारी उपरणं झटकून बाजारात मांडलेल्या यादीवाल्या टेबलापुढं उभा राह्यला. गुणवंतरावनं मान वर नाई केली. फारम होता, फारमात रकाने होते, तो तरी काय करनार? "घर आहे?" इस्तारी म्हन्ते, "हाये… पन…" "विटांचं की कुडाचं?" "विटाचं." "खिडक्या?" "दोन." "स्वतःच्या ताब्यात झाड?" इस्तारीनं कमरेची किल्ली चाचपली. "एक हाये साहेब, पन ते झाड…" गुणवंतराव लिहीत गेले, लिहीत गेले, आन् मंग टाक खाली ठेवून हळूच म्हन्ते, "इस्तारी, मला सगळं माहीत आहे हो. पण पक्कं घर, दोन खिडक्या, वर झाड. तुम्ही बागायतदारात बसता."

इस्तारी भांडला नाई. साऱ्या बाजारासमोर एकदाच मोठ्यानं म्हनला, "मी त्या घरात एक दिवस बी झोपलो नाई जी!" आन् वळला आन् चालाले लागला. नाल्यातून उतरून सपरीत आला तर गोकुळा चूल फुंकून राह्यली होती. धुरातून मान वर करून इचारते, "काहो, भेटले का बांबू?"

इस्तारी भितीले टेकून बसला. म्हन्ते, "नाई भेटत. आपन आता गरीब नाई राह्यलो म्हन्ते."

गोकुळानं सपरीकडं पाह्यलं, मडक्यातल्या भाताकडं पाह्यलं, मंग नवऱ्याकडं पाह्यलं.

"कवापासून?"

"आज दुपारपासून."